कवच खेकड्याच्या नावावर

एका जंगलातल्या तळ्यात एक कासव राहायचं आणि त्याचा स्वतःचा छोटासा धंदा होता. ज्यांना पोहता येत नाही त्यांना ते पाठीवर बसवून पलीकडच्या काठाला सोडायचं आणि प्रत्येकाकडून कमळाचा एक कंद घ्यायचं. ते कंद उन्हाळ्यासाठी चिखलात पुरून ठेवायचं. धंदा बरा चालला होता. फक्त पाठीवर शेवाळ धरलं होतं. "जरा घासून घे की," असं बेडूक चारदा म्हणाला होता. "रविवारी घासतो," असं कासव चारदा म्हणालं होतं. जंगलात रविवार नसतो हे दोघांनाही माहीत होतं.

एके दिवशी तळ्याच्या मधोमध ससा पाठीवरून घसरला. कासवानं त्याला ओढत काठाला आणलं, पण वर चढताना दगडावर आपटून सशाचा पुढचा दात अर्धा मोडला. ससा शिंकत शिंकत घरी गेला. 'चुकलं माझं' हे शब्द कासवाच्या अगदी गळ्यापर्यंत आले होते. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, हा पंचायतीत गेला आणि भरपाई म्हणून कवचच मागितलं तर? म्हणून सशाच्या बिळाकडे निघालेलं कासव वाटेत वळलं आणि कोल्हा वकिलाकडे गेलं.

कोल्हा म्हणाला, "बसा." या सल्ल्याचा एक कंद झाला. कोल्हा कंद खात नसे, पण फी म्हणून घेत असे.

"धंदा कशावर करता, कासवराव?"

"पाठीवर."

"आणि राहता कुठे?"

"पाठीखाली."

"म्हणजे दुकान आणि घर एकच. अवघड आहे," कोल्हा म्हणाला. "कवच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करा. जे तुमचं नाहीच, ते तुमच्याकडून कोण घेणार?"

कासवाला हे फार पटलं. शेजारच्या खेकड्याच्या नावानं पिंपळाच्या पानावर कागद झाला. साक्षीला बगळा होता. एका पायावर उभा असल्यामुळे ठसा द्यायला त्याचा दुसरा पाय मोकळाच होता. पानाचे दहा कंद, बगळ्याचे पाच आणि कागद मोठ्यानं वाचून दाखवण्याचे वीस. नंतर कोल्हा म्हणाला, "आता हे पंचायतीत जाहीर करून टाकू, म्हणजे ससा दावा लावायच्या भानगडीतच पडणार नाही." त्यात उरलेले सगळे कंद गेले. चिखलात नुसते खड्डे राहिले. कासव स्वतःची समजूत घालत राहिलं, "असू दे. घर तर वाचलं."

खेकडा मात्र मन लावून मालक झाला. पुढच्या खोलीत, म्हणजे कासव मान ओढून घ्यायचं तिथे, त्यानं दोन गोगलगायी भाड्यानं ठेवल्या.

पंचायत भरली. सरपंच हत्ती होता. कोल्हा उठून म्हणाला, "माझ्या अशिलाच्या नावावर काहीही नाही."

हत्तीनं विचारलं, "मग पाठीवर काय आहे?"

"ते खेकड्याचं आहे. हे फक्त उचलतं."

माकडं हसून हसून फांदीवरून पडली. हसू ओसरल्यावर ससा पुढे आला. त्याच्या हातात वाळलेल्या घोसाळ्याची जाळी होती.

"कासवदादा, दावा कसला? दात काय, उगवतो परत," तो म्हणाला. मोडक्या दातामुळे त्याचं बोलणं जरा फुसफुसत होतं. "तुझा हात पाठीवर पुरत नसेल असं वाटलं, म्हणून हे घेऊन आलो. थांब जरा, घासून देतो. उद्या खारीची पिल्लं पलीकडे जायची आहेत."

कासवाचे कान असते तर लाल झाले असते. त्याला या क्षणी फक्त एकच गोष्ट हवी होती, मान आत ओढून घेणं. त्यानं हळूच विचारलं, "खेकडेभाऊ, आत जाऊ का?"

"जा की, माझी ना नाही," खेकडा म्हणाला. "पण आत भाडेकरू आहेत. आधी त्यांना बाहेर पडू दे."

"निघालोच आम्ही," आतून एक गोगलगाय म्हणाली.

ससा पाठ घासत राहिला. गोगलगायी संध्याकाळी बाहेर आल्या. तोपर्यंत कासव सगळ्या पंचायतीसमोर मान बाहेर ठेवून उभं होतं. इतका वेळ उभं राहिल्यावर शेवटी ते म्हणालं, "चुकलं माझं." पंचायत एव्हाना पांगली होती, ऐकायला जवळ फक्त ससाच होता. घरी निघालेला कोल्हाही आवाज ऐकून मागे वळला होता, पण कासवाकडे आता कंद नाहीत हे आठवून तो निघून गेला.

तात्पर्य : आपल्या हातून चूक झाली तर घर वाचवायला धावण्याआधी ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी जाऊन यावं. तिथे फी लागत नाही, आणि परत आल्यावर शरमेनं तोंड लपवायला जागा तरी आपली असते.