दोन हात वस्त्र

गोदावरीच्या काठी, नांदेडहून दोन कोसांवर बाभूळगव्हाण म्हणून गाव. तिथे एका पत्र्याच्या मठीत सोनगीर महाराज राहत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात त्यांचे नेहमी जाणे होई. तिथेच वृद्ध ज्ञानी हरदित्तसिंगांशी त्यांचा स्नेह जडला. ज्ञानीजी पंजाबातल्या डेरा बाबा नानकचे. रावीजवळचे हे पवित्र गाव अगदी देशाच्या सीमेला लागून आहे. परत निघताना ज्ञानीजी म्हणाले, "महाराज, यंदा वैशाखीला आमच्या लहानशा गुरुद्वाऱ्याच्या निशाणाचा चोला तुमच्याकडून येऊ द्या. ते निशाण सीमेपलीकडूनही दिसतं. तिकडच्यांना इकडे येता येत नाही, ते लांबूनच हात जोडतात."

निशाण म्हणजे उंच खांब. त्याला वरपासून खालपर्यंत केशरी कापडाची खोळ चढवतात, तोच चोला. माप होते बेचाळीस हात.

नांदेडचे कापडव्यापारी माणिकराव मुखेडकर लगेच पुढे झाले. "महाराज, अस्सल रेशीम देतो, माझ्या दुकानातलं."

महाराज म्हणाले, "चोला सरू शिवेल. साध्या सुताचा."

सरूबाई ही मठी झाडणारी विधवा. चोळ्या शिवून पोट भरायची. झाले! माणिकरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. 'वीस वर्षं महाराजांच्या अंगावरचं धोतर माझं, आणि मान हिला?' तोंडाने मात्र ते "वा, फार छान!" म्हणाले. मत्सर असाच असतो, मंडळी. ओठांवर साखर आणि पोटात शूळ.

चोला शिवून झाला आणि महाराज दोघांना घेऊन रेल्वेने पंजाबला निघाले. गाडीत तो शूळ वाढतच गेला. माणिकरावांनी भोपाळला घेतलेली संत्री तशीच राहिली आणि महाराजांनी सरूबाईच्या फडक्यातली शिळी दशमी मागून खाल्ली. माणिकरावांना राहवेना. "सरूबाई, चोळीच्या मापाने निशाण शिवलं नाहीस ना?" डबाभर हशा पिकला.

सरूबाईही हसली. "मालक, चुकलं असंल तर तुमीच सांगा जी. मापाचा हात तुमचा."

या गोड उत्तराने तर ते अधिकच जळले.

वैशाखीच्या आदल्या दिवशी दुपारी महाराज सर्वांना घेऊन सीमेजवळच्या बंधाऱ्यावर गेले. तिथून सीमेपलीकडच्या गुरुद्वाऱ्याचा पांढरा घुमट दिसतो. माणिकराव पाय दुखतात म्हणून धर्मशाळेत थांबले. एकटे होताच त्यांनी सरूबाईचे गाठोडे सोडले आणि चोला मोजला. कुठेतरी चूक निघेल अशी फार आशा होती, पण चोला बरोबर बेचाळीस हात भरला. खालच्या कडेला अशी बारीक शिवण होती की माणिकरावांच्या दुकानातल्या कारागिरालाही जमली नसती. तेवढे मात्र त्यांना सोसवले नाही. त्यांनी कात्री घेतली आणि खालचे दोन हात कापड शिवणीसकट कापून आपल्या पिशवीत खुपसले. चोला पुन्हा जशाच्या तसा घडी घालून ठेवला. देवाच्या वस्त्राला कात्री लावताना त्यांचा हात जरासुद्धा कापला नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब आडवा केला. जुना चोला उतरवून खांब दुधापाण्याने धुतला. ज्ञानीजी म्हणाले, "माझा एक नेम आहे. जोड दिलेलं वस्त्र मी चढवत नाही. कमी पडलं तर यंदा जुनाच चोला राहील."

सरूबाईचे तोंड उतरले. "महाराज, मापात चुकलं असंल तर तुमचा शब्द खाली पडंल."

"तू नाम घे," महाराज म्हणाले आणि वळले. "माणिकराव, तुम्ही कापडातले जाणकार. खालचं टोक तुम्हीच धरा."

चोला खांबावर सरकू लागला. माणिकराव मनात हात मोजत होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आता खांब उघडा पडणार! पण कापड सरकतच राहिले आणि थेट खांबाच्या बुडाला येऊन टेकले. माणिकरावांच्या मुठीत कड होती आणि कडेला तीच बारीक शिवण होती.

जयघोष झाला, निशाण उभे राहिले. लोकांना यात नवल काहीच वाटले नाही. मापाचे कापड मापात बसले, एवढेच. काय घडले ते त्या गर्दीत एकाच माणसाला कळले आणि तो पापी होता.

माणिकराव धर्मशाळेत धावले. पिशवीत दोन हात कापड होते, खाली तीच शिवण होती. तो तुकडा घेऊन ते महाराजांपुढे आले आणि त्यांनी सगळे सांगून टाकले.

महाराज म्हणाले, "मला कालच ठाऊक होतं."

"मग मला अडवलं का नाही, महाराज?"

"अडवलं असतं तर वस्त्र वाचलं असतं. तुम्ही मात्र तसेच राहिला असता."

माणिकरावांना रडू कोसळले. ते पाया पडू लागले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही. ती लंगरात भांडी घासते आहे."

माणिकराव गेले आणि भरल्या पंगतीसमोर आपला अपराध मोठ्याने बोलले. नांदेडच्या पेठेत कुणापुढे न वाकलेला तो माणूस सरूबाईच्या राखेने भरलेल्या पायांवर आडवा झाला.

"अगं बाई! उठा की मालक," सरूबाई कासावीस होऊन म्हणाली. "मी शिंपीण हाय, माज्या काय पाया पडताय?"

"बाई, आज तू मला शिवलंस," माणिकराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोके टेकले.