तिसऱ्या दालनाची बोली

एका राज्यात असा एक राजवाडा होता, की तिथली धूळ कितीही झाडली तरी पहाटे पुन्हा जागच्या जागी असे. धाकटी राजकन्या वारली तेव्हा राजाने मांत्रिकाला सांगितले होते, "तिचे काहीच पुसले जाऊ नये." मांत्रिकाने तसे केले. तेव्हापासून तिथे काहीच पुसले जाईना.

मग दवंडी पिटली. सर्वांत कमी मोल सांगेल त्याला झाडलोटीचे काम. बोली लावून काम अपुरे ठेवील तो साळुंकी होईल. नगरातले झाडणारे एकमेकांची बोली पाडत गेले आणि एकेक करून साळुंकी होऊन वळचणीला जाऊन बसले. त्यांतलीच कुसावंती गेली ती बारा मोहरांवर. दोन दालने तिने नीट पाहिली. तिसऱ्याचे नुसते दार पाहिले, आणि आतही तसेच असेल असे धरून चालली.

आता उरली तिची लेक सगुणा. पंख फडफडला तरी दचकणारी पोर. प्रधान म्हणाला, "तुझ्या आईने बारा सांगितले. तू दहा म्हण."

वळचणीवरून एक साळुंकी बोलली, "आधी बोट फिरव, बाई. मग तोंड उघड."

आवाज आईचा होता. सगुणाने डोळे पुसले आणि पहिल्या दालनात बोट फिरवले. काजळी, एक दिवसाचे काम. दुसऱ्यात जाळीजळमटे, तेही एक दिवसाचे. मग तिने तिसऱ्याचे दार ढकलले. आत धुळीत इवलीशी पावले उमटली होती, पलंगापर्यंत गेलेली. परतीची नव्हती.

ती बाहेर आली. "दोन दालनांचे मोल माझी आई. तिसऱ्याची बोली मी लावत नाही. ज्याचे आहे त्याने झाडावे."

प्रधान हसला. राजा हसला नाही.

दोन दिवस सगुणाने आपली दोन दालने झाडली. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या दालनासाठी राजाने केरसुणी घेतली, तीही उलटी. सगुणाने ती हळूच सुलटी करून दिली. एकेक पाऊल पुसायला त्याला अख्खा दिवस लागला.

पहाटे धूळ परतली नाही. वळचणीवरून माणसे उतरली. कुसावंतीचे केस पांढरे झाले होते. तिने आधी विचारले, "तिसऱ्याचे किती सांगितलेस?"

"काही नाही, आई."

राजा भरली सुपली घेऊन उभा होता. "ही कुठे टाकू?" त्याने विचारले.

त्या राज्यात आता रोज नवी धूळ पडते, रोज निघते. एक सुपली तेवढी राजाच्या उशाशी आहे.