लेखणीने मारलेला माणूस

एके मंगळवारी, डाळीला फोडणी देऊन झाल्यावर, एक लेखिका दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या आपल्या भयकथेची मुद्रिते तपासत बसली होती. कथेत खाडीतले एक अदृश्य सत्त्व होडीवाल्याला धक्क्यावरून ओढून नेते. तेवढ्यात फोन आला. होडी चालवणारा तिचा धाकटा भाऊ धक्क्यावरून पाय घसरून खाडीत पडला होता. तो गेला.

कथेतल्या होडीवाल्याला तिने भावाचीच लकब दिली होती. बोलण्याआधी तो थोडा हसायचा. पात्राला ओळखीच्या माणसाचे चालणे-बोलणे द्यावे, हे तिला तिच्या वृद्ध गुरूंनी शिकवले होते. ते स्वतः आयुष्यभर भुताखेतांच्या आणि अद्भुताच्या कथा लिहीत आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत.

तेरावा झाल्यावर ती तात्यांकडे गेली. असले अभद्र लिहू नकोस, असे मावशी किती वर्षे सांगत होती, आपण ऐकले नाही, आपणच त्याला मारले, असे ती म्हणाली. कथा तिने संपादकांकडून परत मागवली होती. आता सगळे लेखन पाण्यात सोडून द्यायचे तिने ठरवले होते.

तात्यांनी सांत्वन केले नाही. त्यांनी तिच्यापुढे कोरे कागद ठेवले.

"एक गोष्ट लिही. तिच्यात मी मरतो. नाव माझंच घाल, घरही हेच."

"तात्या, असलं बोलू नका."

"मी कुठे बोलतोय? तू लिहिणार आहेस. आणि झोपेत मारू नकोस. एवढी भुतं पोसली मी, जरा शोभेल असं मरण दे."

गुरूंचा शब्द मोडणे तिला जमले नाही. तिने लिहिले, की पहाटे पोटमाळ्यावरून काहीतरी खाली उतरले आणि तात्यांना घेऊन गेले. कागद तिथेच ठेवून ती घरी परतली.

सकाळी ती जवळजवळ धावतच आली. तात्या ओटीवर लसूण सोलत बसले होते. कागदांवर त्यांच्या लाल खुणा होत्या.

"ते पोटमाळ्यावरचं फार लवकर दिसतं," ते म्हणाले. "वाचकाला जरा थांबव."

ती पायरीवरच बसली. मग तात्या शांतपणे म्हणाले,

"माझी मुलगी गेली, तेव्हा मी कितीतरी वर्षं मेलेली माणसं परत येतात अशाच कथा लिहिल्या. लोकांना वाटलं, मी भुतं रंगवतोय. मी तिला बोलवत होतो. एकदाही दार वाजलं नाही. जी लेखणी कुणाला आणू शकत नाही, ती कुणाला नेणार कशी? तुझा भाऊ रोज पाण्यावर जायचा. त्याची धास्ती तुझ्या मनात आधीपासून होती. ती तुला एकटीला सोसवेना, म्हणून तू तिला खाडीतलं सत्त्व केलंस. बाई, तो गुन्हा नव्हे. ती माया होती."

ती रडली. त्या मंगळवारनंतर प्रथमच ती अपराधी म्हणून नव्हे, बहीण म्हणून रडली. तात्या लसूण सोलत राहिले.

लेखन तिने पाण्यात सोडले नाही. कथा पुढल्या वर्षीच्या अंकात आली, आणि त्यानंतर तिने आणखीही भयकथा लिहिल्या. भावाविषयी, फक्त भाऊ म्हणून, एखादे साधे पान लिहायचे मात्र अजून राहिले आहे.