भरलेला सेल

“अजून एक वर्ष राहू का, महाराज?”

सहदेवानं हे विचारायची ही तिसरी खेप. मठात त्याला आठ वर्षं झाली होती. नव्या शिष्यांची अडलेली ओवी तोच सोडवायचा, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

खडकवाडीहून मात्र पुन्हा निरोप आला होता. पोथी सांगायला माणूस द्या, नाहीतर यंदाही देऊळ मुकंच राहील.

“एवढा ग्रंथ संपू दे,” सहदेव म्हणाला. “अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नये म्हणतात.”

खरं सांगायचं तर त्याला धास्ती वाटत होती. इथं तो सगळ्यांचा सहदेवदादा, तिथं त्याला कोण विचारणार?

भानुगीर महाराजांनी छातीवरची डबी चाचपली. त्यांना ऐकू कमी यायचं. डबीची वायर कानात, आणि डबीत निकेलचा, पुन्हा भरता येणारा पेन्सिल सेल. एक सेल डबीत, दुसरा चार्जरवर. हे काम सहदेवाकडे.

“दुसरा सेल आण.”

सहदेव कोनाड्याकडे गेला. धूळ बसू नये म्हणून त्यानं चार्जरवर आपलं उपरणं टाकलं होतं. ते बाजूला करून त्यानं सेल काढला आणि लगेच या हातातून त्या हातात घेतला.

“तापलाय.”

“लावला कधी?”

“काल सकाळी.”

“भरतो किती तासांत?”

“आठ... पण म्हटलं, राहू दे. जास्त भरला तर बरंच.”

“भरल्यावर काय घेतो तो?”

सहदेव घुटमळला. “काही नाही... नुसता तापतो.”

“आणि?”

“वाया जातो.” त्याची मान खाली गेली. “मागचे दोन असेच गेले.”

महाराज उठले. चार्जरचं बटण बंद केलं. उपरण्याची घडी करून ती सहदेवाच्या खांद्यावर ठेवली. सेल फरशीवर ठेवून दोघं त्याच्या दोन बाजूंना बसले.

तो गार व्हायची वाट पाहत राहिले.

मग महाराजांनी सेलला बोट लावून पाहिलं. गार झाला होता. डबीतला संपत आलेला सेल काढून त्यांनी हा बसवला आणि वायर कानात नीट केली.

आता नीट ऐकू येत असेल, म्हणून सहदेवानं पुन्हा विचारलं, “मग महाराज... माझं काय?”

“खडकवाडीची गाडी किती वाजता सुटते?”