विणकराचं अंजिराचं झाड

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक विणकर राहत होता. बायको लवकर गेली होती. लेक सगुणा होती, तीही लग्न होऊन दूरच्या गावी नांदत होती.

त्या गावात मुलगी जन्मली की परसात तिच्या नावाने अंजीर लावायचे. ती सासरी गेली की दर उन्हाळ्यात बापाने त्या झाडाची टोपलीभर फळं घेऊन तिला भेटायला जायचं. टोपली नाही तर भेटही नाही, अशी रीत. कुणी घातली कोण जाणे, पण सगळे पाळत.

थंडीत अंजिराची पानं गळून जात. झाड नुसतं काटक्यांचं उरे. तेव्हा गावातले लोक मोरचूद आणि चुना मातीच्या रांजणात कालवून ते निळं पाणी खोडावर, फांदीफांदीवर फवारत. गळलेली पानं गोळा करून जाळत. विणकरही दरवर्षी हे करत असे.

एका वर्षी त्याच्या मागावर मोठं काम होतं. शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन म्हणाली, "अरे, सगळ्यांचं फवारून झालं. तुझं झाड राहिलं."

विणकर मागावरून उठलाही नाही. "मावशी, त्याला ना पान, ना फळ. औषध काय काटक्यांना पाजू? आणि आजवर कधी रोग पडलाय का माझ्या झाडावर?"

"दरवर्षी फवारलंस म्हणून नाही पडला."

"बघू पुढं," विणकर म्हणाला आणि धोटा फेकू लागला.

फाल्गुनात झाडाला छान पालवी फुटली. विणकराने मुद्दाम म्हातारीला बोलावून ती दाखवली. महिनाभरात पानांच्या पाठीवर तांबूस ठिपके आले, मग पानं पिवळी पडून गळू लागली. विणकर घाबरला. धावत जाऊन त्याने मोरचूद आणलं, चुना कालवला, सकाळ-संध्याकाळ फवारलं. पण रोग आता झाडात मुरला होता. हिरवी फळं सुकली आणि एकेक करून खाली पडली.

म्हातारी म्हणाली, "तसाच जाऊन ये लेकीकडे. ती तुझी वाट बघत असेल, अंजिरांची नाही."

"रिकाम्या हाताने गेलो तर सासरचे तिलाच टोमणे मारतील. सुखात आहे ती. पुढच्या उन्हाळ्यात दोन टोपल्या नेईन."

तो गेला नाही.

श्रावणात सांगावा आला, की सगुणा गेली. विणकर तसाच अनवाणी निघाला. पोहोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. सगुणाची सासू ओसरीवर बसली होती. तिचेही डोळे सुजलेले होते.

"काय झालं माझ्या पोरीला?"

"होळीपासून बारीक ताप येत होता. आम्ही वैद्य आणतो म्हटलं, तर ऐकेना. म्हणायची, बाबा टोपली घेऊन येतील, त्यांच्याबरोबर माहेरी जाईन, तिथल्या वैद्याचा हात गुणाचा आहे. पुढं ताप चढला आणि उठवेना, तेव्हा आम्ही वैद्य आणला. तो म्हणाला, उशीर केलात."

"मला निरोप तरी धाडायचा."

"मी म्हटलं होतं धाडते. तर म्हणाली, कशाला? दरवर्षी येतात, येतीलच."

विणकर खाली बसला. कुणीतरी त्याला पाण्याचा तांब्या दिला, तो त्याने हातातच धरून ठेवला.

पुढच्या थंडीत त्याने झाड फवारलं, एकही फांदी सोडली नाही. झाड सुधारलं. झाडाचं तेवढं बरं असतं, त्याला पुढचं वर्ष मिळतं. उन्हाळ्यात फांद्या अंजिरांनी वाकल्या. विणकराने फळांना हात लावला नाही, आणि गावातही कुणी त्याला ती उतरवून घे म्हणून सांगितलं नाही.

तात्पर्य: सगळं ठीक दिसत असतं, तेव्हाच काळजी घ्यायची असते. दुखणं दिसू लागल्यावर धावणाऱ्याला वेळ मिळेलच असं नाही.