अर्धी घोंगडी

फार फार वर्षांपूर्वी, राजाच्या दारात गरिबालाही अडवत नसत त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी साळूबाई नावाची धनगरीण राहत होती. तिच्याजवळ साठ मेंढरं होती आणि त्यांच्या पुढे चालणारा एक एडका होता. त्याचं नाव शिंगाळ्या. तो जाईल तिकडे साठ मेंढरं मुकाट जात, म्हणून साळूबाईचा सगळा संसार त्याच्याच चार पायांवर चाले. पोरासारखा वाढवलेला गुणी जीव, पण त्याला एक खोड होती. झेंडूचं फूल दिसलं की स्वारीला जगाचा विसर पडे.

आता बघा, श्रावणातल्या पौर्णिमेला राजानं नगराची नवी वेस झेंडूच्या माळांनी सजवली. शिंगाळ्यानं त्या माळा खाल्ल्या. बरं, एकट्यानं खाव्यात की नाही? त्यानं साठ जणांची पंगत बसवली! त्याच दिवशी एका तेल्याचा बैल उधळला आणि वेशीवरच्या दिव्यांचं सगळं तेल मातीत गेलं.

राजानं दोघांनाही दंड ठोठावला. साळूबाईनं वेशीच्या पहारेकऱ्याला थंडीसाठी काळी घोंगडी विणून द्यायची, तेल्यानं दिव्यांसाठी पाच घागरी तेल द्यायचं. मुदत कोजागिरी पौर्णिमेची, आणि तीही सूर्य मावळताना नगारा वाजेपर्यंत. दंड चुकला तर एडका राजाच्या मुदपाकखान्यात आणि बैल राजाच्या गोठ्यात जमा होणार होता.

साळूबाई विणायला बसली. पण अर्धी घोंगडी झाली आणि काळी लोकर संपली. मेंढरं कातरायची ती दिवाळीनंतर. त्याआधी कातरावं तर लोकर आखूड, सूत काढताना तुटून हातात येणार. कोजागिरी उजाडली तरी घोंगडी अर्धीच होती. शिंगाळ्या तिच्या गुडघ्याला डोकं घासत होता आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तेली शेजारीच राहत असे. त्याच्या तीन घागरी भरल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. साळूबाई म्हणाली, आपण जाऊन राजाकडे वाढीव मुदत मागू. तेली हसला.

"आपल्या पायानं जाऊन सांगायचं की जमलं नाही? ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गप घरात बस. एवढ्या मोठ्या राज्यात आपली आठवण कुणाला राहतीया?"

एवढं बोलून त्यानं दाराला आतून कडी घातली आणि कुणी आलं तर मी गावाला गेलोय म्हणून सांग, असं बायकोला बजावलं.

दुपार कलली. मग साळूबाई उठलीच. विणलेला तेवढाच भाग कापून घेतला असता तर वीण उसवली असती, म्हणून तिनं घोंगडी लोंबत्या उभ्या धाग्यांसकट मागावरून उतरवली आणि गुंडाळून डोक्यावर घेतली. मुदत नाहीच मिळाली तर एडका द्यावा लागणार, म्हणून त्याचीही दोरी धरली. आणि ती धावत सुटली. तिच्या मागे शिंगाळ्या, आणि शिंगाळ्यामागे अर्थातच साठच्या साठ मेंढरं! धुरळा असा उडाला की वाटेवरच्या लोकांना फौजच आली असं वाटलं. ओढा ओलांडला, माळ ओलांडला, नगर दिसू लागलं. सूर्य डोंगराला टेकला होता.

वेस आली आणि शिंगाळ्या थबकला. पौर्णिमेच्या माळा! ताज्या, टपोऱ्या झेंडूच्या! साळूबाईनं दोरी ओढली, शिंगं ओढली, पण एडका जागचा हलेना. पलीकडे वाड्याच्या दारात नगारेवाल्यानं टिपऱ्या उचलल्या होत्या. साळूबाईनं एकदा एडक्याकडे पाहिलं, एकदा नगाऱ्याकडे पाहिलं, आणि दोरी सोडून दिली. ती जीव खाऊन पळाली. तिचा पाय वाड्याच्या उंबरठ्याच्या आत पडला आणि मागे नगारा धडाडला.

तिनं राजापुढे अर्धी घोंगडी उलगडली.

"म्हाराज, अर्धी झालीया. काळी लोकर सरली, मेंढरं दिवाळीनंतर कातरायची. थंडी पडायच्या आत पुरी करते. कार्तिकाच्या पुनवेपतुर मुदत द्या."

राजानं घोंगडीवरून हात फिरवला. वीण घट्ट होती. त्यानं विचारलं, "तू परत येशील कशावरून?"

खरं तर इथं गप्प राहणं सोयीचं होतं. तरी साळूबाई बोलली. "कशावरून ते मला ठावं न्हाई, म्हाराज. पर येक सांगते, दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आदी. माजा एडका आत्ता बी तुमच्या वेशीवरच्या माळा खातूय."

हे ऐकून राजा इतका हसला की त्याचा फेटा सैल झाला.

"घरातला नवा गुन्हा जी आपण होऊन सांगते, ती जुना दंड बुडवणार नाही," तो म्हणाला. "कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. आणि आजच्या माळांबद्दल घोंगडी चार बोटं जास्त लांब विण."

साळूबाईला रडू आलं आणि हसूही आलं. वेशीपाशी शिंगाळ्या तृप्त होऊन उभा होता. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई तेल्याच्या दारात आले आणि बैल सोडून घेऊन निघाले. तेली तीन घागरी घेऊन रडत राजाकडे धावला.

राजा म्हणाला, "काल याच तीन घागरी घेऊन आला असतास, तर उरलेल्या दोन घागरींना मुदत मिळाली असती. बाईनं अर्धी घोंगडी आणली. तू मात्र कडी लावून बसलास. बैल आता माझ्या गोठ्यातच राहील."

साळूबाईनं मुदतीच्या चार दिवस आधी घोंगडी नेऊन दिली. पहारेकऱ्यानं ती लगेच पांघरून पाहिली. चांगली चार बोटं जास्तच भरली.

तात्पर्य: वेळेआधी जाऊन खरं सांगणाऱ्याला मुदत मिळते, तोंड लपवणाऱ्याच्या हातचंही जातं.