दंडावरच्या दोऱ्याची कहाणी

खर्र, खर्र, खर्र. रिकामं मडकं नखांनी खरवडल्याचा आवाज. भिवाजी तेल्यानं तो फार वर्षांमागं ऐकला, आणि ही कहाणी तिथूनच निघते. जिवती आई, तू ऐक. हातात तांदूळ धरून बसलेल्या बायांनो, तुम्हीही ऐका.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. वेशीच्या आत तेल्याचं घर होतं. दारात लाकडी घाणा, घाण्याला डोळे झाकलेला बैल. एका साली पाऊस पडला नाही. तीळ नाही, करडई नाही, चुलीला जाळ नाही. भिवाजीची धाकटी लेक चुलीपाशी बसायची, रिकामं मडकं नखांनी खरवडायची. खर्र, खर्र, खर्र. एक दिवस तो आवाज थांबला. मग पाऊस आला, तीळ आले, घाणा फिरला, घर भरलं. पण भिवाजीच्या कानातून तो आवाज गेला नाही. मूल रडलं की त्याला वाटे, उपाशी आहे. मूल सुकलं की त्याला वाटे, कोणीतरी त्याच्या तोंडचा घास काढला.

मग काय झालं? त्याचा मुलगा हैबती मोठा झाला. घरात सून आली, तिचं नाव येसू. येसूला मुलगी झाली, तिचं नाव रंगू. बैल घाण्याभोवती एक फेरा घाली, तोवर रंगू तीन घाली. भिवाजी घाण्याच्या लाटेवर, फिरत्या आडव्या लाकडावर, बसून हसे आणि बैलाला म्हणे, जरा शीक तिच्याकडून.

पुढं रंगू आजारली. सकाळी उठे तेव्हा डोळे सुजलेले, पाय सुजलेले, पोट तट्ट. वैद्याला बोलावलं. वैद्यानं नाडी पाहिली, पायावर बोट दाबलं, खळगा पडला तो तसाच राहिला. वैद्य म्हणाला, पोरीचं सत्त्व लघवीवाटे जातंय. सूज येईल, जाईल, पुन्हा येईल. दुखणं वर्षानुवर्षं सोबत राहणार, त्याला घाबरून चालणार नाही. औषध चुकवू नका आणि मीठ देऊ नका. हैबतीनं ते ऐकलं, तेलाचे बुधले बैलगाडीत घातले आणि दूरदूरच्या बाजारांच्या गावी, वर्षादीडवर्षाच्या फिरतीवर गेला. जाताना बायकोला म्हणाला, तू आहेस, मला चिंता नाही. भिवाजीनं हे ऐकलं. त्याला मात्र चिंता होती.

श्रावण आला. पहिल्या शुक्रवारी दारात एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, कडेवर कोणाचं तरी पोर. येसूनं तिला पाट दिला, ताक दिलं. म्हातारीनं रंगूकडं पाहिलं आणि म्हणाली, "पोर बाळसेदार दिसते, पण पाण्यानं दिसते. आत मांस झडतंय." येसूच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, "आजी, मलाही हाताला तेच लागतं. पण सांगायचं कोणाला? काय करू?"

म्हातारी म्हणाली, "एक वसा सांगते. मधेच कंटाळशील, लोकांच्या बोलण्यानं टाकशील, तर सांगत नाही." येसू म्हणाली, टाकणार नाही. मग म्हातारीनं वसा सांगितला. "पोरीच्या दंडाला जिवतीचा दोरा बांध. तोंडाकडं बघू नकोस, पोटाकडं बघू नकोस, दोऱ्याकडं बघ. दोरा सैल पडला की मांस गेलं, दोरा बसला की मांस आलं. वैद्याच्या औषधाबरोबर मुगाचं कढण दे, दूध दे, थोडं थोडं दे, दिवसातून पुष्कळदा दे. आणि तिसरं ऐक, ते अवघड आहे. जे तिच्यानं उचलवतं ते तू उचलू नकोस. जिथवर तिच्यानं चालवतं तिथवर तू कडेवर घेऊ नकोस. दमली की बसू दे, पण उद्या पुन्हा उठव."

म्हातारी गेली. भिवाजी घाण्यापाशी बसून सगळं पाहत होता, पण शब्द त्याला ऐकू आले नव्हते. त्याला एवढंच दिसलं की कुठल्या कोण बाईनं सुनेच्या कानाशी लागून काही सांगितलं, आणि लगोलग सुनेनं पोरीच्या दंडाला दोरा बांधला. त्याच्या मनात पाल चुकचुकली. हा दोरा कसला? ही बाई कोण?

मग तो पाळत ठेवू लागला. दाराच्या फटीतून पाहिलं, तर येसू पोरीला कढण पाजते आहे आणि पोर तोंड वाकडं करते आहे. रंगू म्हणाली, "आई, हे अळणी आहे. बैलाला घाल." येसू म्हणाली, बैल खाणार नाही. रंगू म्हणाली, "मग तो माझ्यापेक्षा शहाणा. आणि त्याला मिठाचा खडा चाटायला मिळतो." येसू हसली, पण मीठ दिलं नाही. भिवाजीला हसू आलं नाही. वैद्य काही म्हणो, माझ्या घरात बैलाला मीठ आहे आणि नातीला नाही, असं तो मनाशी म्हणाला.

दुसऱ्या शुक्रवारी काय पाहिलं? येसू ओट्यावर उभी. रंगू अंगणात, हातात पाण्याचा लहान गडवा. रंगू म्हणते, आई घे. येसू म्हणते, चार पावलं राहिली, तूच आण. रंगू बसली, रडली, उठली, पाणी सांडत आली. भिवाजी धावला, त्यानं नातीला उचललं आणि सुनेकडं असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. ती हळूच म्हणाली, "मामंजी, तिला चालू द्या. बसून राहिली तर उठता येणार नाही." तो नातीला घेऊन आत गेला. आजारी लेकराकडून पाणी आणवणारी आई त्यानं पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून त्यानं आपलं वेगळं चालवलं. येसू पाणवठ्यावर गेली की तो रंगूला जवळ घेई. कधी भाजलेला पापड, कधी लोणच्याची फोड, कधी मूठभर खारे दाणे. रंगू चटाचटा खाई. तो म्हणे, आईला सांगू नकोस. ती म्हणे, "आबा, मी सांगत नाही, पण उद्या दोन पापड आण." भिवाजीचा जीव थंडावे. पाहा, पोर उपाशीच होती.

इकडं येसूला सुचेना. औषध चालू, मीठ बंद, तरी सूज चढते कशी? तिनं मडकी पाहिली, डबे पाहिले, शेजारणीला विचारलं. शेवटी सासऱ्याला विचारलं, "मामंजी, रंगूला कोणी काही देतं का?" भिवाजी म्हणाला, "देणारं कोण आहे या घरात?" तिला त्याचा संशय, त्याला तिचा. मधे पोर सुजत होती.

तिसरा शुक्रवार आला. घरची रीत अशी की त्या दिवशी लेकराची गुळाची तुला करायची आणि गूळ गावात वाटायचा. करडईची पोती तोलायचा मोठा काटा घाण्यापाशी टांगला. एका पारड्यात रंगू बसली, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. मागच्या साली लागला तेवढा गूळ घातला, पारडं हललं नाही. आणखी घातला, हललं नाही. आणखी घातला, तेव्हा रंगूचं पारडं वर आलं. बाया म्हणाल्या, पोर अंगानं भरली. भिवाजीची छाती फुगली. जन्मभर त्यानं माल तोलला होता. काट्यावर जे येतं तेवढं खरं, बाकी बोलणं.

येसू पुढं आली. तिनं रंगूचा हात वर धरला. दंडाचा दोरा कोपरापर्यंत घसरला होता. ती म्हणाली, "मामंजी, हे वजन पाण्याचं आहे. दोरा बघा. मांस झडतंय." भिवाजीनं दोरा धरून ओढला, तो मुठीवरून सहज निघून आला. तो का निघाला, याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. चारचौघांत तो म्हणाला, "काटा म्हणतो पोर वाढली, आई म्हणते पोर झडली. स्वतःच्या लेकराचं भरलेलं अंग जिला बघवत नाही, ती काय तिला सांभाळणार? तू माहेरी जा. रंगू इथं राहील."

येसू रडली नाही. औषधाची वाटी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "मला घालवा, पण हे चुकवू नका." मग ती गेली.

भिवाजीनं दोरा फेकायला हात उचलला, पण करणीचा असला तर पायाखाली येईल म्हणून भिंतीच्या भेगेत खोचला. रंगूला खांद्यावर घेतलं. आता तिला पाऊल टाकायचं काम नव्हतं. ओट्यावर आबा नेई, अंगणात आबा नेई, तोंडात घास आबा घाली. औषध मात्र तो न चुकता देई. रंगू जेवायची, झोपायची, सुजायची. बैल फेरे घाली, ती नुसती बघे. एकदा म्हणाली, "आबा, बैल दमत नाही का?" तो म्हणाला, त्याला सवय आहे. ती म्हणाली, "माझी मोडली."

आणि मग एका सकाळी काय झालं? भिवाजी घाण्यात तीळ ओतत होता. त्याच्या कानावर आवाज आला. खर्र, खर्र, खर्र.

त्याच्या हातातलं सूप पडलं. तोच आवाज. घरात दाणागोटा असताना, चुलीला जाळ असताना, तोच आवाज. तो आत धावला. रंगू मडक्यापाशी बसली होती आणि नखांनी खरवडत होती. त्यानं मडक्यात पाहायला वाकून हात घातला, तर वर झाकण होतं. झाकण काढलं. मडकं खाऱ्या दाण्यांनी काठोकाठ भरलेलं होतं.

"आबा," रंगू म्हणाली, "मला झाकण उचलवत नाही."

मातीचं झाकण, चिमुरडं मूलही काढील असं. भिवाजी खाली बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला. पायांवर सूज होती, पोटावर होती, डोळ्यांवर होती, पण दंड नुसता काडी होता. तो उठला, भेगेतून दोरा काढला, तीच जुनी गाठ तिच्या दंडावर चढवली. रंगूनं हात खाली केला. दोरा कोपरावरून घसरला, मनगटावरून घसरला, जमिनीवर पडला.

भिवाजीला कळलं. पोर उपाशी नव्हती. ती त्याच्या समोर, त्याच्या खांद्यावर बसून, भरल्या घरात झिजत होती, आणि चोर तो शोधत होता दुसरीकडंच.

त्यानं काय केलं? गाडी जुंपली, रंगूला निजवलं, येसूच्या माहेरी गेला. दारात उभा राहिला. येसू बाहेर आली, लेकीला पाहिलं. लेकीचा दंड चाचपला. मग एवढंच विचारलं, "काय दिलंत?" तो म्हणाला, "मीठ. आधीपासून. तू पाणवठ्यावर जायचीस तेव्हापासून." येसूनं लेकीचं अंग पदरानं झाकलं. मग गाडीत बसली. त्याच्यासाठी नाही, रंगूसाठी बसली. वाटेत वैद्याकडं गेले. भिवाजीनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. वैद्यानं औषध बदललं.

मग घरात पुन्हा वसा सुरू झाला. येसूनं नवा दोरा बांधला, कढण केलं, दूध दिलं. भिवाजीनंही वसा घेतला. घरात खारं ठेवायचं नाही, आपणही अळणी जेवायचं. रंगू म्हणाली, "आता कळलं ना आबा, बैल का खात नाही?" तो म्हणाला, कळलं. पण त्याला अवघड गेला तो वशाचा तिसरा भाग. रंगू ओट्यावरून उतरे, पाय थरथरे, त्याचे हात आपोआप पुढं होत. तो हात मागं घेई, पाठीमागं बांधून उभा राही. ती पडे, बसे, उठे. तो जागचा हलत नसे, नुसते डोळे पुशी.

हळूहळू सूज ओसरली. आणि पाण्याखाली झाकलेलं सगळं उघडं पडलं. फासळ्या दिसल्या, गुडघे दिसले. आता गावाला संशय आला. बाया पाणवठ्यावर म्हणू लागल्या, तेल्याच्या घरी पोरीला खायला घालत नाहीत वाटतं. सासू नाही, सासरा लक्ष देत नाही, सून जेवते ती एकटीच. भिवाजीच्या कानावर आलं. सुनेला नावं ठेवणाऱ्यांना तो एवढंच सांगे, बोलायचं तर मला बोला.

पुढच्या श्रावणात पुन्हा काटा टांगला. रंगू पारड्यात बसली. मागच्या सालापेक्षा गूळ कमी लागला. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. भिवाजीनं कोणाकडं पाहिलं नाही. तो नातीपाशी गेला, तिच्या दंडावरचा दोरा दोन बोटांनी खाली सारून पाहिला. दोरा सरकला नाही. त्यानं येसूकडं पाहिलं. माहेराहून परतल्यापासून ती त्या दिवशी त्याच्याकडं पाहून पहिल्यांदा हसली. गूळ थोडा होता, तो त्यानं घरोघरी हात जोडून वाटला.

दुखणं गेलं का? नाही गेलं. सूज पुन्हा आली, पुन्हा ओसरली. दोरा कधी सैल पडे, मग दूध वाढे, मग पुन्हा बसे. औषध चालूच राहिलं. पण एका सकाळी भिवाजी चुलीपाशी बसला होता. रंगू आली. शेंगदाण्यांच्या मडक्यापाशी उकिडवी बसली. आता त्यात अळणी दाणे होते. भिवाजीचे हात पुढं गेले, त्यानं ते मांडीखाली दाबले. कान टवकारले. खरवडल्याचा आवाज आला नाही. रंगूनं दोन्ही हातांनी झाकण धरलं, उचललं, बाजूला ठेवलं. मूठभर दाणे घेतले. झाकण पुन्हा लावलं. आबाकडं पाहिलंही नाही. दाणे खात खात उठली, उंबरा ओलांडला आणि एक शब्द न बोलता बैलाच्या मागं चालू लागली.

जिवती आई, रंगूच्या दंडावर दोरा बसला, तसा दुखऱ्या लेकरांच्या दंडावर बसो. येसूला धीर दिलास, तसा आयांना दे. भिवाजीचे डोळे उघडलेस, तसे आमचेही उघड, पण त्याच्याइतका उशीर करू नकोस. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सरली, सांगणाऱ्याला फळली, ऐकणाऱ्याला फळो.